पिकअपच्या केबिनमधला आवाज कसा कमी करायचा? आधी फोनने मोजा, मग खर्च करा

आमच्या घरी एक पिकअप आहे. डिझेल इंजिन, पुढे बॉनेट, दोन दरवाजे, मागे लोखंडी हौदा. आमचे आप्पा हंगामात नारायणगावहून टोमॅटो भरून आळेफाटा, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण असं करत वाशी मार्केटला नेतात. रात्री निघायचं, पहाटे पोचायचं, क्रेट खाली करून परत यायचं.

गेल्या वर्षी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आप्पा फोन नेहमी डाव्या कानाला लावतात. चुकून उजव्या कानाला लागला तर "मोठ्यानं बोल रे, काय ऐकू येईना" म्हणतात. घरी टीव्हीचा आवाजही हळूहळू वाढत गेला होता. मी म्हटलं, "आप्पा, गाडीचा आवाज फार आहे, त्याचं काहीतरी करूया." आप्पा म्हणाले, "पिकअप आहे ती, काय मोटार आहे का? आवाज येणारच."

येणारच, हे बरोबर आहे. पण किती, कुठून, आणि त्यातला किती कमी करता येतो? या लेखात मी तेच सांगणार आहे. साउंडप्रूफिंग म्हटलं की बहुतेक जण थेट चांदीच्या रंगाच्या चिकट शीटचा रोल मागवतात आणि जिथे पत्रा दिसेल तिथे चिकटवतात. मीही तेच करणार होतो. सुदैवाने आधी फोन हातात घेतला आणि मोजलं.

डेसिबल म्हणजे नक्की काय?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. पण डेसिबल किलो किंवा लिटरसारखा सरळ वाढत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते. १० डेसिबलने वाढला की ऊर्जा दहापट होते, पण आपल्या कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो.

म्हणून "फक्त ३ डेसिबल कमी झाला" असं कुणी म्हणालं तर हसू नका. कानावर आदळणारी ऊर्जा निम्मी झालेली असते.

मोजताना तुम्हाला 'डीबीए' हा शब्द दिसेल. त्यातला 'ए' म्हणजे आपल्या कानाला जसं ऐकू येतं तसं केलेलं वजन. माणसाच्या कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात, म्हणून डीबीए मोजताना तेही कमी धरले जातात. १०० हर्ट्झचा आवाज साधारण १९ डेसिबलने कमी करून मोजला जातो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता मुख्य आकडा. अमेरिकेतली नायोश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था सांगते की ८५ डीबीए आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला फक्त १ तास. बाजूने बघितलं तर दर ३ डेसिबल कमी केले की कानाला दुप्पट वेळ मिळते.

फोनने मोजायचं कसं?

फोनचा माइक मुळात बोलणं पकडण्यासाठी असतो, त्यामुळे तो प्रयोगशाळेतल्या मीटरइतका अचूक नसतो. दोन वेगवेगळ्या फोनवर एकाच जागी ४-५ डेसिबलचा फरक दिसू शकतो. पण आपल्याला 'आधी' आणि 'नंतर' यातला फरक हवा आहे. त्यासाठी एकच फोन, एकच ॲप पुरेसं आहे.

आयफोन असेल तर नायोशचंच मोफत साउंड लेव्हल मीटर ॲप आहे. अँड्रॉइडवर आवाज मोजणारी बरीच ॲप आहेत. शिवाय जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप दोन्हींवर चालतं. त्यात आवाजाची पातळी आणि स्पेक्ट्रम दोन्ही बघता येतात.

मोजताना मी हे नियम पाळले:

* फोन एकाच जागी. मी बाजूच्या सीटवर बसून तो ड्रायव्हरच्या डोक्याच्या उंचीला धरला. कव्हर काढलं, माइकवर बोट येऊ दिलं नाही.
* रस्ता एकच, डांबर एकच. सिमेंटच्या रस्त्यावर आकडा वेगळा येतो.
* वेग एकच, गिअर एकच. मी ६० हा वेग धरला.
* गाडी रिकामी की भरलेली, हे लिहून ठेवलं. टायरची हवा दर वेळी सारखी ठेवली.
* एक मिनिटाची सरासरी घेतली, तीही तीन वेळा. क्षणभर दिसलेला सगळ्यात मोठा आकडा धरला नाही.
* माइकवर वारा येऊ दिला नाही. खिडकीचा झोत माइकवर आला की फोन खोटा घरघराट दाखवतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही. मोजायला दुसरा माणूस हवाच.

आमचा पहिला आकडा आला: काचा बंद, गाडी रिकामी, वेग ६०, आवाज ८१ डीबीए. ड्रायव्हरची काच पूर्ण खाली घेतल्यावर ८६. गाडीत एसी नाही, त्यामुळे आप्पा वर्षातले आठ महिने काच खालीच ठेवतात. उजवा कान खिडकीकडे. फोन डाव्या कानाला का लागतो, याचा अंदाज मला तिथेच आला.

आवाज दोन वाटांनी आत येतो

पहिली वाट हवेची. इंजिन, टायर आणि वारा हवेत आवाज करतात आणि तो फटीतून, भोकांतून, काचेतून, पातळ पत्र्यातून आत येतो.

दुसरी वाट लोखंडाची. इंजिनची आणि चाकांची थरथर चासीतून केबिनच्या पत्र्यात चढते. मग तो पत्राच स्पीकरच्या पडद्यासारखा हलतो आणि आत आवाज तयार करतो. स्टीलच्या ताटाला चमचा मारल्यावर ते वाजतं तसं.

दोन्ही वाटांवर इलाज वेगळा आहे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पैसे जातात आणि आवाज राहतो.

कोणता आवाज कोणाचा? स्पेक्ट्रम बघा

आवाजाची पातळी सांगते 'किती'. स्पेक्ट्रम सांगतो 'कसला'. फायफॉक्समध्ये किंवा अँड्रॉइडवरच्या स्पेक्ट्रॉइडसारख्या ॲपमध्ये डावीकडे खर्जाचे आणि उजवीकडे वरच्या पट्टीचे आवाज असा आलेख दिसतो. जिथे शिखर उभं राहतं तिथे गुन्हेगार.

इंजिनचं शिखर ओळखणं सोपं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये दर फेरीला दोनदा इंधन पेटतं. म्हणजे मिनिटाला १८०० फेऱ्या असतील तर सेकंदाला ३० फेऱ्या आणि ६० पेट. शिखर ६० हर्ट्झवर येतं. २४०० फेऱ्यांना ते ८० हर्ट्झवर सरकतं. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर हळूहळू दाबा. जे शिखर सोबत सरकतं ते इंजिनचं.

टायरचा हिशोबही करता येतो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. टायरचा घेर २.१ मीटर धरला तर चाक सेकंदाला जवळपास ८ फेऱ्या मारतं. टायरच्या घेराभोवती ६० ठोकळे असतील तर ८ गुणिले ६०, म्हणजे ४८० हर्ट्झच्या आसपास गुंगाट येणार. वेग बदलला की तो सरकतो. एकाच वेगाला गिअर बदलून बघा. इंजिनचं शिखर हलेल, टायरचं तिथेच राहील.

वाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा शिखरासारखा नसतो. तो पसरलेला 'सूंऽऽ' असतो आणि वेग वाढला की फार झपाट्याने वाढतो.

आमच्या आलेखात तीन गोष्टी होत्या. इंजिनचा खर्ज, टायरचा पट्टा आणि वरच्या पट्टीत एक रुंद, तीक्ष्ण खडखडाट. हा खडखडाट उभ्या गाडीतही येत होता. म्हणजे तो रस्त्याचा नव्हताच. इंजिनचा आवाज कुठल्यातरी भोकातून सरळ आत येत होता.

आधी फटी शोधा

साउंडप्रूफिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित नियम हा आहे. भिंत कितीही जाड करा, तिच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी असेल तर ती भिंत २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. पाण्याच्या टाकीसारखं आहे. टाकी जाड केली म्हणून भोकातून पाणी यायचं थांबत नाही.

फटी शोधायच्या चार पद्धती, सगळ्या जवळजवळ फुकट:

* कागद: दरवाज्याच्या बीडिंगमध्ये कागदाची पट्टी धरून दरवाजा लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथे रबर दबत नाही.
* उजेड: रात्री एकाने आत बसून फोनची टॉर्च फिरवायची, दुसऱ्याने बाहेरून बघायचं. उजेड निघतो तिथून आवाजही शिरतो. बॉनेट उघडूनही बघा.
* स्पीकर: केबिनमध्ये ब्लूटूथ स्पीकरवर पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा सलग आवाज लावा. इंजिन बंद, दरवाजे बंद. बाहेरून फोनचा माइक कडेकडेने हळूहळू फिरवा. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे फट.
* नळी: पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा घ्या. एक टोक कानाजवळ, दुसरं टोक फटीजवळ. जुने मेकॅनिक हेच करतात. हे मात्र उभ्या गाडीतच, आणि पाइप फिरत्या भागांजवळ न्यायचा नाही.

आम्हाला काय सापडलं? गिअर लिव्हरच्या बुडाशी असलेलं रबरी बूट फाटलेलं होतं, वरून मॅट टाकल्यामुळे ते दिसत नव्हतं. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, म्हणजे फायरवॉलमध्ये, वायरिंगचं एक रबर ग्रोमेट गायब होतं. कधीतरी कुणीतरी जादा वायर ओढली असणार. आणि ड्रायव्हरच्या दरवाज्याची बीडिंग खालच्या कोपऱ्यात चपटी झाली होती.

नवीन सामान घेण्याआधी मी एक प्रयोग केला. भोकं आणि दरवाज्याची फट पॅकिंगच्या टेपने तात्पुरती बंद केली. बाजूच्या सीटखाली, पेडलपासून लांब, घडी घातलेली जाड गोधडी टाकली. एक चक्कर मारली. आकडा लगेच खाली आला. या प्रयोगाचा फायदा असा की पैसे कुठे घालायचे ते आधीच कळतं.

मग नवीन बूट, ग्रोमेट आणि बीडिंग बसवली. हे सगळं सामान आणि मजुरी मिळूनही शीटच्या एका रोलपेक्षा स्वस्तात झालं. नवीन आकडा: ७८ डीबीए. एक शीटही न चिकटवता ३ डेसिबल. ऊर्जा निम्मी.

चार कामं, चार वस्तू

यानंतर सामानाकडे वळलो. बाजारात सगळ्यालाच 'साउंडप्रूफ शीट' म्हणतात, पण कामं चार आहेत.

१. पत्र्याची थरथर मारणं (डॅम्पिंग). देवळातली घंटा वाजवून तिला हात लावला की ती गप्प होते. ब्यूटाइल रबराची शीट पत्र्याला तोच हात लावते. तिच्यावरचा ॲल्युमिनियमचा थर आणि पत्रा यांच्यामध्ये रबर ओढलं-ताणलं जातं आणि थरथरीची ऊर्जा थोड्याशा उष्णतेत बदलते. पण ही शीट हवेतून येणारा आवाज फारसा अडवत नाही. म्हणूनच संपूर्ण पत्रा झाकायची गरज नसते. मोठ्या सपाट पत्र्याचा मधला पाव ते निम्मा भाग झाकला तरी बहुतेक काम होतं. बोटाने टिचकी मारून बघा. 'टण्ण' वाजलं तर शीट हवी, 'ठप्' वाजलं तर पुढे चला.

२. आवाज अडवणं (बॅरिअर). इथे चालतं ते वजन. अडथळ्याचं वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल जास्त आवाज अडतो. हे झालं पुस्तकी गणित, प्रत्यक्षात थोडं कमीच मिळतं. मास लोडेड व्हिनाइल नावाची जड, लवचिक शीट यासाठी असते. तिचं वजन चौरस मीटरला साधारण ५ किलो. ती फायरवॉलवर आणि फ्लोअरवर सलग, फट न ठेवता अंथरायची.

३. जोड तोडणं (डीकपलर). जड शीट थेट पत्र्यावर टाकली तर पत्र्यासोबत तीही हलते. म्हणून मध्ये बंद छिद्रांच्या फोमचा पातळ थर घालतात. उशीसारखा.

४. आतला घुमारा शोषणं (ॲब्झॉर्बर). रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, गाद्या-पडदे आले की घुमत नाही. फेल्ट, जाड कापड, फोम हे काम करतात. पण जाडी महत्त्वाची. २५ मिलिमीटरचा फोम साधारण हजार हर्ट्झच्या वरचे आवाज चांगले शोषतो. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी ३.४ मीटर असते. तिला एक इंचाचा फोम म्हणजे हत्तीला मच्छरदाणी.

आता अंड्यांच्या ट्रेचा प्रश्न. नाही, चालत नाहीत. ट्रेला वजन नाही, म्हणून तो आवाज अडवत नाही, आणि शोषतोही अगदी थोडा. थर्माकोलचंही तेच.

आम्ही केलेलं काम, क्रमाने

गाडी दोन दिवस उभी ठेवली. दोघांनीच केलं.

१. सीट आणि मॅट काढल्या. फ्लोअर झाडला, पुसला. गंज होता तिथे घासून गंजरोधक प्रायमर मारला आणि पूर्ण वाळू दिला. गंजावर शीट चिकटवली तर आत गंज वाढतच राहतो आणि शीट सुटते.

२. तेलकटपणा घालवण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. दरवाजे उघडे ठेवून, जवळ विडी-सिगारेट नको. यावर आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि खिशातली काडेपेटी बाहेर ठेवून आले.

३. ब्यूटाइल शीट छताच्या मधल्या भागावर, मागच्या पत्र्यावर, दोन्ही दरवाज्यांच्या बाहेरच्या पत्र्याला आतून आणि फ्लोअरच्या सपाट भागांवर लावली. छोट्या रोलरने दाब देऊन बसवली. हवेचा फुगा राहिला तर तिथे काम होत नाही. २ मिलिमीटरच्या शीटचं वजन चौरस मीटरला साधारण ३ ते ४ किलो असतं, म्हणून गरज तिथेच लावली.

४. फ्लोअर आणि फायरवॉलच्या आतल्या बाजूला आधी बंद छिद्रांचा फोम, त्यावर जड व्हिनाइल. पेडलच्या खाली आणि मागे जागा मोकळी ठेवली. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर पूर्ण खाली जातात का, कुठे अडतात का, हे हाताने आणि पायाने दहा-दहा वेळा तपासलं.

५. छताच्या अस्तरामागे फेल्टचा थर. पाऊस पडताना होणारा ताशा यामुळे आणि वरच्या शीटमुळे बराच शांत झाला.

६. शेवटी हौदा. फाळक्याच्या साखळ्यांवर जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले. फाळका जिथे आदळतो तिथे रबराचे तुकडे लावले. रिकामे क्रेट पट्ट्याने घट्ट बांधायचे ठरवलं. हे काम अर्ध्या तासाचं आणि फुकटचं. खड्ड्यातला आदळआपटीचा आवाज यानेच गेला.

काय करू नका

* दरवाज्याच्या खालची पाणी जायची भोकं कधीही बुजवू नका. पावसाचं पाणी काचेवरून दरवाज्यात उतरतं आणि तिथूनच बाहेर जातं. भोक बुजलं की दरवाजा आतून सडतो.
* काच वर-खाली होते त्या वाटेत शीट येऊ देऊ नका. चिकटवण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन बघा.
* उघड्या छिद्रांचा साधा गादीचा फोम फ्लोअरवर नको. तो पाणी धरून ठेवतो.
* स्वस्त डांबरी शीट उन्हात नरम पडते, वास येतो, उभ्या पत्र्यावरून घसरते.
* बॉनेटच्या आत, सायलेन्सरच्या पाइपजवळ किंवा टर्बोजवळ साधा फोम किंवा कापड लावू नका. तिथे फक्त उष्णतेसाठी बनवलेलं, आग न पकडणारं साहित्य चालतं.
* केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर भोकं बुजवून थांबू नका. सायलेन्सरची गळती आधी दुरुस्त करा. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो.
* हवा आत यायचे मार्ग बंद करू नका.
* आवाज नको म्हणून गाडी चालवताना कानात इअरबड्स घालू नका. नॉइज कॅन्सलिंग खर्जाचा आवाज छान कापतं, पण मागचा हॉर्न आणि ॲम्ब्युलन्स ऐकू यायलाच हवी.

आणि एक, सगळ्याच्या आधी करायचं: टायरची हवा, इंजिन माउंटिंगचं रबर आणि व्हील बेअरिंग तपासा. वेगासोबत वाढणारा 'घुंऽऽ' आवाज, विशेषतः वळणावर कमी-जास्त होणारा, बेअरिंगचा असू शकतो. तो झाकायचा नसतो, दुरुस्त करायचा असतो.

मग किती फरक पडला?

तोच फोन, तोच रस्ता, वेग ६०, काचा बंद:

* सुरुवातीला: ८१ डीबीए
* फटी बंद केल्यावर: ७८
* ब्यूटाइल शीट लावल्यावर: ७७.५
* फ्लोअर-फायरवॉलच्या जड शीटनंतर: ७६

ब्यूटाइलच्या ओळीकडे बघा. अर्धा डेसिबल. मी आधी निराश झालो. पण पत्र्याचा घुमारा खर्जातला होता आणि डीबीए खर्ज कमी धरतो, हे वर सांगितलंच आहे. स्पेक्ट्रममध्ये मात्र १०० हर्ट्झच्या आसपासचं एक शिखर स्पष्ट खाली आलं होतं. घाट चढताना डोकं भणभणायचं, ते कमी झालं, असं आप्पा स्वतःहून म्हणाले. आकडा एकच बघू नका, आलेखही बघा.

एकूण ५ डेसिबल गेले. म्हणजे कानावर येणारी ऊर्जा जवळपास एक तृतीयांश राहिली. सगळ्यात मोठा वाटा सगळ्यात स्वस्त कामाचा होता. इंजिनचा ६०-८० हर्ट्झचा खर्ज मात्र फारसा हलला नाही. तो पातळ शीटने जात नाही.

आणि एक प्रामाणिक गोष्ट. काच खाली घेतली की आकडा पुन्हा ८४ च्या वर जातो. सगळ्या शीटचं काम एका उघड्या खिडकीने धुतलं जातं. म्हणून डॅशबोर्डवर बारा व्होल्टचा छोटा पंखा लावला. आता रात्री काच बोटभर उघडी ठेवतात, सगळी खाली नाही.

शेवटी, कानाचं

गाडीचं काम झाल्यावर आप्पांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत ४००० हर्ट्झच्या आसपास दोन्ही कानांचा आलेख खाली गेलेला दिसला, उजव्याचा जास्त. सततच्या आवाजाने कान खराब होतात तेव्हा खड्डा बहुतेक वेळा इथेच पडतो. आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं सांभाळा."

हे आपल्यालाही लागू आहे. गोंगाटात बसलो की आपण इअरफोनचा आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, इतकीच मर्यादा आहे. त्याच संघटनेचं हिअरडब्ल्यूएचओ हे मोफत ॲप आहे. हेडफोन लावून, गोंगाटातले इंग्रजी अंक ओळखायचे असतात. पाच मिनिटांचं काम. डॉक्टरची जागा ते घेत नाही, पण जायला हवं का, हे सांगतं.

घरात कुणी पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर चालवत असेल तर या रविवारी त्यांच्या शेजारी बसा आणि एक मिनिट आवाज मोजा. शीट नंतर घ्या. आधी गिअरच्या बुडाशी मॅट उचलून बघा.

परवा आप्पांनी मुरबाडजवळून फोन केला, गाडी कडेला लावून, इंजिन चालूच होतं. मी सवयीने ओरडून बोललो. ते म्हणाले, "अरे, ओरडतोस कशाला? येतंय ऐकू."